काय झालं ते सांग

सरांशी बोलताना 'कारण' हा शब्द जपून वापरावा लागे. पंखा बंद आहे असं कोणी सांगितलं तर ते मान हलवायचे. पंखा जळला असं सांगितलं की विचारायचे, "जळताना पाहिलास?" दूधवाला एकदा म्हणाला की म्हैस आजारी आहे म्हणून दूध पातळ आहे. सर म्हणाले, "दूध पतला है, इतना बोलो. भैंस को बीच में मत लाओ." पुढे तो दूधवाला दारात आला की नुसतं "आज पतला है मास्साब" म्हणायचा आणि गल्लीभर हसत जायचा.

त्यांचं ठरलेलं वाक्य एकच होतं. काय झालं ते सांग, का झालं ते मी विचारलेलं नाही. विद्यार्थी, शेजारी, घाटावर भेटणारे ओळखीचे भटजी, सगळ्यांना हेच. मला ते वाक्य मुळीच आवडत नसे. आमच्या घरात सगळं 'का'पासून सुरू व्हायचं. माझे वडील रेल्वेत होते, युनियनची पत्रकं लिहायचे. मी अक्षरं शिकले तीच सायक्लोस्टाइलच्या शाईने बरबटलेल्या कागदांवर. पत्रक म्हणजे आधी दोषी ठरवायचा, मग त्याचे गुन्हे मोजायचे, शेवटी हाक द्यायची. माझ्या हातालाही तेच वळण लागलं होतं, आणि ते वळण चुकीचं आहे असं मला आजही वाटत नाही.

सर आणि त्यांची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो, बनारसच्या भोसले घाटामागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचे. सर एका ट्रस्टच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. त्यांचा उजवा हात थरथरायचा. स्वतःचं अक्षर स्वतःला वाचता येत नसे, म्हणून फळ्यावर लिहायला ते एखाद्या विद्यार्थ्याला उभं करायचे आणि तो चुकला की खूश होऊन वर्गाला विचारायचे, काय दिसतंय?

हाताच्या या दुखण्यामुळेच त्यांच्याकडे लॅपटॉप आला. जर्मनीत गेलेल्या एका विद्यार्थ्याने तिथे टाकून द्यायचा जुना लॅपटॉप त्यांना आणून दिला. बॅटरी केव्हाच मेलेली, त्यामुळे भिंतीतली वीज गेली की मशीनही जायचं. कीबोर्ड जर्मन होता. वाय दाबलं की झेड उमटायचं, आणि चिन्हं तर कुठेही असायची. आम्ही म्हणायचो, बटणांवर कागदाचे तुकडे तरी चिकटवा. सर म्हणायचे, बटणावर काय छापलंय ते कशाला बघता, दाबल्यावर काय उमटतं ते बघा.

त्या दिवसांत शहरातल्या सगळ्या कॉम्प्युटरवर चोरून उतरवलेलं विंडोज चालायचं. कॉलेजातही तेच होतं आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. सरांना वाटायचं. कोणीतरी बनवलेली वस्तू, जिची किंमत मी दिली नाही आणि त्यानेही सोडली नाही, ती माझी नाही, असं ते म्हणायचे. म्हणून त्यांनी एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स चढवलं. ते फुकट होतं, सरळ मार्गाने फुकट होतं, आणि त्या लॅपटॉपवर ते पदोपदी अडायचं. आवाज येत नसे. पडद्याची कड कापलेली दिसे. हिंदी लिहायचं तर रोमन अक्षरांत टाइप करायचं आणि छापताना ते देवनागरी होऊन निघायचं. सरांनी फ्लॉपीवर प्रती काढल्या होत्या, पण त्या फ्लॉप्या शहरातल्या दुसऱ्या कुठल्याच मशीनला वाचता येत नसत. मी म्हटलं, सर, हा तुमच्या तत्त्वाचा तुरुंग आहे. ते म्हणाले, चोरीचा महाल नाही ना, मग बस्स.

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले ती एका पत्रकाची हिंदी प्रत छापून घ्यायला. त्यांनी मला लॅपटॉपसमोर बसवलं आणि पासवर्ड सांगितला. मी टाइप केला, मशीनने नाकारला. पुन्हा केला, पुन्हा नाकारला. मी म्हटलं, मशीन खराब आहे. सर म्हणाले, ते तुझं मत झालं. मग मला नाव टाइप करायच्या जागी नुसती अक्षरं दाबायला लावली. डाव्या हाताखाली अक्षरं बरोबर येत होती. उजव्या हाताखाली के दाबलं की दोन, एल दाबलं की तीन, ओ दाबलं की सहा. पासवर्ड पडद्यावर दिसत नाही, म्हणून मला कळलं नव्हतं की मी अर्धे आकडेच टाइप करते आहे. वर एक छोटा हिरवा दिवा लागलेला होता. छोट्या लॅपटॉपवर आकड्यांची वेगळी बटणं नसतात, तेव्हा तो दिवा लागला की उजवीकडची अक्षरं आकडे होतात, आणि त्यांचं लिनक्स सुरू होतानाच तो दिवा लावून मोकळं व्हायचं. एक बटण दाबलं, दिवा गेला, मी आत गेले. हे दुरुस्त करणं सरांना अवघड नव्हतं. त्यांनी मुद्दाम तसंच ठेवलं होतं. नव्या माणसाची परीक्षा तिथेच व्हायची. मी नापास झाले होते, हे त्यांनी अक्काला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

एका मे महिन्यात तो लॅपटॉप दुपारी मध्येच बंद पडू लागला. ज्याला विचारावं तो म्हणे, बनारसची गर्मी. सर त्याच्याशेजारी ओला टॉवेल लावून बसले, तरी बंद पडला. सकाळी गार असताना चालवला, एकदा सकाळीही पडला. कितीतरी दिवस ते नुसते बसून राहिले आणि शेवटी त्यांच्या लक्षात आलं की खालच्या घरातला पाण्याचा पंप सुरू झाला की इकडे पडदा काळा होतो. गर्मी खरी होती, पण तिचा संबंध नव्हता. त्यांनी ना विजय साजरा केला, ना खालच्यांशी भांडले. पंपाची वेळ विचारून घेतली आणि त्या वेळेत चहा प्यायला लागले.

हे सगळं मी हसत सांगू शकते. रामदुलारचं हसत सांगता येत नाही.

रामदुलार सरांच्या प्रयोगशाळेचा शिपाई होता. त्या पावसाळ्यात प्रयोगशाळेतलं एक महागडं मोजणीचं यंत्र नाहीसं झालं. चावी रामदुलारकडे असायची, म्हणून यंत्र रामदुलारने नेलं, असं प्रिन्सिपलनी ठरवलं. त्याच्या हातात निलंबनाचा कागद पडला. ट्रस्टची समिती त्याचा निकाल लावणार होती. निकाल विरुद्ध गेला असता तर नोकरी जाणार होती, कॉलेजच्या आवारातली खोली जाणार होती, आणि चोर हा शिक्का घेऊन त्या शहरात दुसरं कोणी त्याला दारात उभं करणार नव्हतं.

मी एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. 'खरे चोर खुर्चीत, गरीब चोर दारात' असं त्याचं शीर्षक होतं. सरांनी ते वाचलं आणि म्हणाले, "खुर्चीतला चोर कोणी पाहिला?" मी म्हटलं, सगळं जग पाहतं आहे. ते म्हणाले, मग जगाची सही आण. मी चिडून निघून गेले आणि पत्रक सायक्लोस्टाइल करून आणलं.

सरांनी मात्र वेगळंच काम धरलं. प्रयोगशाळेत त्या आठवड्यात आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते एकेकटं घरी बोलवायचे, समोर बसवायचे आणि त्याने काय पाहिलं तेवढंच लॅपटॉपवर लिहून घ्यायचे. डाव्या हाताने, सावकाश. एखादा म्हणाला की रामदुलार भला माणूस आहे, तर ते थांबायचे. ते नको. खिडकीची कडी तुटलेली पाहिलीस? दुसरी चावी ऑफिसातल्या खिळ्यावर टांगलेली पाहिलीस? कोणत्या दिवशी? लिहून झालं की त्यालाच वाचून दाखवायचे आणि विचारायचे, कुछ छूटा तो नहीं? सुटलं असेल तर त्याच्याच शब्दांत शेवटी जोडायचे. हे चालू असेपर्यंत मला ते फार थंड वाटलं. सगळ्या साक्षी एकापाठोपाठ वाचल्या तेव्हा माझं पत्रक माझ्याच हातात हलकं झालं.

समितीने बैठक नवमीच्या दुपारी चार वाजता ठेवली. पूजेच्या सुट्टीत विद्यार्थी आपापल्या गावी जातात, कॉलेज ओस असतं, म्हणून ती वेळ. तोंडी सांगायला कोणी उरणार नव्हतं. जे काही होतं ते त्या लॅपटॉपमध्ये.

आदल्या दिवशी सरांच्या गल्लीत वीज नव्हती, म्हणून साक्षी शेवटच्या एकदा तपासायला मी लॅपटॉप माझ्या घरी आणला. सगळं नीट चाललं. सकाळी रामदुलार आला आणि म्हणाला की मी पोहोचवतो. तो गमछ्यात गुंडाळून घेऊन गेला. प्रिंटर सरांकडे होता. बाराच्या सुमाराला मी तिथे पोहोचले. वीज तीनला जाणार होती, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

सर लॅपटॉपसमोर बसले होते. रामदुलार दाराशी उभा होता. पडद्यावर नाव विचारलं जात होतं आणि सर टाइप करतील त्यात अक्षरांच्या मधे आकडे येत होते. मी म्हटलं, दिवा. सर म्हणाले, दिवा बंद आहे. खरंच बंद होता. त्यांनी तो लावला, घालवला, मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, असं दोन वाजेपर्यंत चाललं. पुन्हा डावीकडे अक्षरं, उजवीकडे आकडे. बाहेरून जोडायचा कीबोर्ड कॉलेजच्या प्रयोगशाळेत होता आणि प्रयोगशाळेला कुलूप होतं.

माझ्या डोक्यात तोवर पुरावा नष्ट करण्याच्या कटाचं पत्रक तयार झालं होतं. वाटेत रामदुलारला कोणी भेटलं का, प्रिन्सिपलच्या माणसांनी काही केलं का, हेच मी विचारणार होते. पण सर माझ्याआधी बोलले.

"रामदुलार, ये गिरा था?"

"नहीं मास्साब."

"साइकिल से?"

"साइकिल पर रक्खे ही नहीं. पैदल लाए हैं, छाती से लगाके."

"कल तक ठीक चल रहा था. बीच में तुम्हारे ही हाथ में था." आणि मग अगदी हळू, "सच बताओ."

रामदुलार गमछ्याची घडी करू लागला. ती पूर्ण झाली, त्याने ती उलगडली आणि पुन्हा घालू लागला. निलंबनाचा कागद हातात पडला त्या दिवशीही तो असाच गमछ्याची घडी करत आमच्या दारात उभा होता. इथे काय चाललंय ते कळायला मला थोडा वेळ लागला. चावी त्याच्याकडे होती, म्हणून यंत्र त्याने नेलं. मशीन त्याच्याकडे होतं, म्हणून ते त्याने पाडलं.

मी म्हटलं, "सर, काय झालं ते सांगा. का झालं ते मी विचारलेलं नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता मला घराबाहेर काढतील. मग ते डोळे मिटून बोलू लागले. डावीकडची अक्षरं बरोबर. उजवीकडची चुकीची. दिवा बंद. म्हणजे लिनक्सला वाटतंय की सगळं ठीक आहे. एवढंच दिसतंय. डोळे उघडून त्यांनी कीबोर्डवर कान नेला आणि वरच्या ओळीपासून एकेक बटण दाबायला सुरुवात केली. त्या जुन्या बटणांना दाबल्यावर टक आणि सोडल्यावर टक असा आवाज होता. टक-टक, टक-टक. आम्ही तिघे ऐकत होतो. अडीच वाजत आले होते. अगदी खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या बटणाशी ते आले. ते वाजलं नाही.

"हे आधीच दाबलेलं आहे," सर म्हणाले.

कोपऱ्यातलं ते बटण एकट्याने काही करत नाही. दुसऱ्या बटणाबरोबर धरलं की त्याचा अर्थ बदलतं, आणि उजवीकडच्या अक्षरांचे आकडे करणं हे त्यातलंच एक. लिनक्सपर्यंत ते पोहोचतही नाही, कीबोर्डच्या पोटातच उरकतं. सरांनी अक्काकडे केसांची पिन मागितली. त्यांच्या हाताने ते जमेना, म्हणून मी बटण उचकटलं. त्याचा पाय मोडला आणि बटण माझ्या हातात आलं. खाली, रबराच्या शेजारी, कुंकवाने लाल झालेला अक्षतेचा एक दाणा अडकला होता.

अक्का पिन परत घ्यायला उभी होती. तिने दाणा पाहिला.

मग सगळं कळलं, आणि कळायला फार सोपं होतं. त्या दिवशी खंडेनवमी होती. अक्का दर वर्षी घरातल्या हत्यारांची पूजा करायची. विळी, कात्री, शिवणयंत्र, सरांचे पाने-स्क्रूड्रायव्हर. गेल्या वर्षी तिने लॅपटॉपच्या झाकणाला कुंकू लावलं होतं आणि सर इतके ओरडले होते की ती कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. या वर्षी रामदुलारने लॅपटॉप आणून दिला तेव्हा सर घाटावर गेले होते. तिने तो देवापुढे ठेवला. बाहेर काही दिसू नये म्हणून झाकण उघडून आत, कोपऱ्यात, चार अक्षता वाहिल्या, मग फुंकर मारून सगळं साफ केलं आणि गमछ्यात होता तसा बांधून टेबलावर ठेवला.

"आज त्याचा निकाल," अक्का म्हणाली, "सगळं त्या डब्यातच आहे म्हणत होतास. म्हटलं, त्याला तरी नमस्कार करावा." मग ती सरांकडे न बघता म्हणाली, "घरात मी पण होते. त्याला विचारलंस. मला का नाही विचारलंस?"

आयुष्यभर लोकांच्या तोंडातून काढून टाकलेल्या त्या 'का'चं उत्तर सरांकडे होतं आणि ते त्या खोलीत आम्हा चौघांनाही माहीत होतं.

दाणा काढल्यावर मशीनने निमूट आत घेतलं. मी प्रिंटर लावला आणि तो करकरत साक्षी छापू लागला. मी घड्याळाकडे बघत होते. सर म्हणाले, आणखी एक साक्ष आहे, टाइप कर. मी म्हटलं, सर, वेळ नाही, आणि याची गरजही नाही. ते म्हणाले, टाइप कर. रामदुलारला त्यांनी दारातून आत बोलावलं आणि विद्यार्थ्यांना बसवायचे त्या खुर्चीत बसवलं. तो कडेवर टेकला.

सरांनी हिंदीत सांगितलं, मी लिहिलं. आज दुपारी माझं मशीन बिघडलं. ते रामदुलारच्या हातातून आलं होतं. मी न पाहता त्याच्यावर आळ घेतला आणि त्याला सच बताओ असं म्हटलं. नंतर पाहिलं. बिघाड माझ्या घरात झाला होता. त्या वेळी घरात आणखी एक माणूस होतं, त्याला मी विचारलं नाही.

लिहून झाल्यावर मी ते छापायला लावलं, आणि सरांनी पडद्यावरून ते रामदुलारला वाचून दाखवलं आणि विचारलं, कुछ छूटा तो नहीं?

रामदुलार म्हणाला, "एक बात छूट गई मास्साब. आपने पूछा तो. उन लोगों ने तो आज तक पूछा भी नहीं."

"वो पूछना नहीं था," सर म्हणाले. "वो मत लिखवाओ. उससे मैं बच जाऊँगा."

"लिखना है तो मेरा कहा लिखिए," रामदुलार म्हणाला. "आपका ही नियम है."

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी टाइप करायला बोटं टेकवली, शेवटचं पान प्रिंटरमधून अर्धं बाहेर आलं होतं, आणि वीज गेली. पडदा काळा झाला. सरांची साक्ष पानावर पूर्ण उतरली होती. तिच्याखाली रामदुलारचं वाक्य मी पेनने लिहिलं आणि त्याने शेजारी सही केली.

चार वाजता समितीच्या खोलीत सर गेले. रामदुलारला नेहमीप्रमाणे बाहेरच्या बाकावर बसायला सांगण्यात आलं. मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन फाटकाशी उभी होते. ओस पडलेल्या आवारात चार माळी आणि एक चौकीदार होता, मी त्यांना पत्रकं वाटली. मग समितीच्या खोलीचं दार उघडं दिसलं म्हणून व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. कोणी हटकलं नाही.

अध्यक्ष म्हातारे होते. छापील पानं ते भराभर उलटत होते, काही वाचत असतील असं वाटत नव्हतं. शेवटच्या पानावर निळ्या शाईची ओळ आली तेव्हा थांबले. चष्मा वर करून ती वाचली. मग प्रिन्सिपलना विचारलं, "इनसे किसी ने पूछा नहीं?" प्रिन्सिपल चावीबद्दल बोलू लागले. चावी तर त्याच्याकडेच होती, म्हणून. सर त्यांच्याकडे बघत होते. अध्यक्षांनी पुन्हा तेच विचारलं.

ते यंत्र पुढे कधीच सापडलं नाही. ते कोणी नेलं हे मला माहीत आहे असं मला अजूनही वाटतं, आणि सर असते तर म्हणाले असते, ते तुझं मत झालं. दिवाळीनंतर रामदुलार कामावर परत आला. कोणी माफी मागितली नाही. सरांच्या लॅपटॉपच्या कोपऱ्यात बटणाऐवजी शेवटपर्यंत नुसता रबराचा ठिपका राहिला.

पण त्या दुपारचं मी पाहिलं ते एवढंच. अध्यक्ष दाराकडे वळले आणि म्हणाले, उसको अंदर बुलाइए. रामदुलार आत आला. सरांनी उठून आपली खुर्ची त्याला दिली आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले, थरथरणारा हात दुसऱ्या हातात धरून. अध्यक्षांनी विचारलं, "बताओ, क्या हुआ था?"

रामदुलारने गमछा मांडीवर ठेवला आणि सांगायला सुरुवात केली.